बियांचे वाण

मराठीत ‘वाण’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लुटतात ते एक वाण, आणि वांग्याची, गव्हाची किंवा वालाची खास जात, ते दुसरे. आमच्या आजेसासूबाईंनी हे दोन्ही अर्थ एकाच पुडीत बांधले होते.

इंदूरच्या त्यांच्या जुन्या वाड्यामागे वालाचा वेल होता. शेंग चपटी, कडेला जांभळी. भोगीच्या भाजीत तोच वाल आणि उसळीलाही तोच. बी माहेरून आले, एवढेच त्या सांगत. संक्रांतीला इतर जणी आरसे, डब्या, गाळण्या लुटत. आजी मात्र राखेत जपलेले बी कागदाच्या पुडीत बांधून देत. कुणी गालातल्या गालात हसेही.

पुढे आजी गेल्या. वाडा पाडून तिथे फ्लॅट झाले. अंगण गेले, त्याबरोबर वेलही गेला. बरणीत उरलेले बी काही वर्षांनी रुजेनासे झाले. तो वाल संपला असेच आम्ही धरून चाललो होतो. मग एका थंडीत दोन गल्ल्या पलीकडच्या काकूंच्या कुंपणावर तीच जांभळ्या कडेची शेंग दिसली. विचारले तर काकू म्हणाल्या, “अगं, तुमच्या आजींचंच वाण हे! मी दरवर्षी लावते.” घरात जपून ठेवलेले संपले होते आणि वाटलेले उरले होते.

बी हा जिवंत जीव आहे. त्याला वय असते. कांद्याचे बी वर्ष-दोन वर्षांतच कमजोर होते, तर टोमॅटोचे नीट ठेवले तर चार-पाच वर्षेही टिकते. पण कोणतेच बी कायम टिकत नाही. ते पेरत राहणे आणि चार घरी असणे, हाच त्याचा खरा विमा.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे गाव आहे. तेथील राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. अशा बियाणे बँकांचा नियम साधा असतो: मूठभर न्या, पीक आल्यावर त्याहून जास्त परत करा.

आपल्या शाळेच्या वाचनालयातही पुस्तकांच्या कपाटाशेजारी बियांचे एक खोके ठेवले आहे. बालमित्रांनो, त्यात भर घालायची तर एवढे लक्षात ठेवा. सुरुवात वाल, घेवडा, टोमॅटो यांपासून करा. यांची फुले बहुधा स्वतःच्याच परागाने फळतात, म्हणून बी बहुतेक मूळ वाणासारखेच निघते. भोपळा, काकडी, दोडका यांत मधमाश्या शेजारच्या वेलाचा पराग आणतात, त्यामुळे मिसळ होते. संकरित पाकिटातले बी पुन्हा धरू नका, पुढची रोपे तशीच येत नाहीत. खाऊन उरलेल्या शेंगांचे बी ठेवायचे नाही. सर्वांत निरोगी वेलावरच्या चांगल्या शेंगा आधीच राखून ठेवा आणि त्या वेलावरच वाळू द्या. बी सावलीत पूर्ण सुकवून कोरड्या बरणीत ठेवा.

पेरण्याआधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर ठेवा. सात-आठ रुजल्या तर बी उत्तम. दोन-तीनच रुजल्या तर दाट पेरा आणि नवे बी धरण्याची घाई करा. पेरताना बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल घालावे. पाणी झारीने, हलक्या हाताने द्यावे. बाल्कनीतल्या कुंडीतही वालाचा वेल छान चढतो, फक्त ऊन हवे.

पालकांना एक विनंती. पुडीवर वर्ष लिहाच, आणि तुमच्या घरात त्या भाजीला जे नाव आहे तेही लिहा. बाजारात आपण सगळेच गिलकी मागतो, पण कुणाच्या तरी आजीसाठी ती अजून घोसाळीच आहेत. दोन्ही नावे लिहिली तरी चालतील.

यंदाच्या संक्रांतीला प्लॅस्टिकची डबी घेण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा, “आपल्याकडे जुने बी आहे का?” असेल तर पुड्या बांधा. एक शाळेच्या खोक्यात टाका आणि बाकीच्या लुटा.