खिडकीखालचा रस्ता

पाचगणीस टेबललँडच्या पायथ्याशी आमची लहानशी वसाहत आहे. तिच्यासमोरचा रस्ता माझ्या खिडकीतून थेट वळणापर्यंत दिसतो. सकाळचा चहा घेत तो पाहात बसावयाचे, हा माझा आठ वर्षांचा नेम आहे.

दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि ताईघाट या पाच गावांच्या परिसरात जॉन चेसन नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८६० च्या सुमारास ही वस्ती वसविली. रस्त्याकडेचे उंच सिल्व्हर ओक मूळचे ऑस्ट्रेलियातले. पण आता त्यांच्यावाचून पाचगणी डोळ्यांपुढे उभीच राहात नाही.

सर्वांआधी येतो खिंगरचा दूधवाला. मग पसरणीचा घाट चढून आलेल्या वाईच्या एस.टी.चा आवाज दुरून कानी पडतो. तोवर कोपऱ्यावरच्या चहावाल्याचा स्टोव्ह फरफरू लागलेला असतो. त्यानंतर वसतिगृहातल्या मुलांची रांग शाळेकडे निघते, आणि त्याच वेळी घोडेवाले आपली घोडी घेऊन टेबललँडची वाट धरतात.

गेल्या जून महिन्यात त्या रांगेच्या शेवटी एक नवा मुलगा दिसू लागला. त्याचा रेनकोट घोट्यापर्यंत येत असे आणि डोळे बहुधा रडून सुजलेले असत. एके दिवशी एका घोडेवाल्या पोराने त्याला पाहिले. काही न बोलता त्याने आपला तांबडा घोडा रांगेजवळ आणला. मुलाने भीतभीत त्याच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर हात ठेवला. मागून येणारे शिक्षक तेवढा वेळ आपली छत्री उघडमीट करीत राहिले! त्यांना सारे दिसले होते, हे मी शपथेवर सांगेन. पुढे हा रोजचाच परिपाठ झाला.

जुलैत धुके दाटले आणि घोडा येईनासा झाला. मुलगा वळणावर थांबे, धुक्यात डोळे ताणून पाही, आणि रांग पुढे गेली की धावत सुटे. असे तीन दिवस झाले. चौथ्या दिवशी मी चहावाल्याकडे चौकशी केली.

"घोडा खाली वाईकडं नेलाय," तो म्हणाला. "हितं पावसात गिऱ्हाईक कुठलं? अन् चंदी तर रोज लागतीया."

खरेच होते. घाटाखाली वाईस पाऊस पुष्कळच कमी. हे त्या मुलास सांगावे, असे मनात आले. पण अनोळखी मुलाशी कसे बोलावे, या संकोचात आणखी दोन दिवस गेले. या दोन दिवसांची मला अजून लाज वाटते.

शेवटी छत्री घेऊन मी वळणावर जाऊन उभा राहिलो. रांग आली. शिक्षकांनी मान हलवून संमती दिली.

"बाळ, तुझा घोडा वाईला गेला आहे. पाऊस सरला की परत येईल."

"नक्की, आजोबा?"

"चहावाल्यानेच सांगितले."

त्याचा चेहरा थोडा उजळला. मग त्याने विचारले, "त्याचं नाव काय?"

आठ वर्षे मी तो घोडा पाहात होतो; आधी शिंगरू असताना, मग खोगीर चढल्यावर. त्याच्या धन्याचेही नाव मला ठाऊक नव्हते.

"उद्या सांगतो," मी म्हणालो आणि तसाच कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे वळलो.