निळ्यावर आधी शेंदरी

मी सजवलेली पहिली नवरी तिच्याच लग्नाच्या अल्बममध्ये राखाडी दिसते. 2012 सालचा मे महिना, आमगाव तालुक्यातलं गाव, भर दुपारचा मुहूर्त. हळदीच्या रात्री जागून तिच्या डोळ्यांखाली काळवंडलं होतं, गालांवर थोडे वांग होते. मी गोंदियात तीन महिन्यांचा कोर्स करून नुकतीच परतले होते. कातडीपेक्षा दोन शेड उजळ कन्सीलर सगळीकडे थापला, वर फाउंडेशन, त्यावर पावडर. ट्यूबलाइटखाली ती मला छान गोरी वाटली. मांडवात आली तेव्हा मात्र चेहऱ्याला राख फासल्यासारखी दिसत होती. मान एका रंगाची, तोंड दुसऱ्याच. तिच्या आईनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. ठरलेले पैसे हातात ठेवले आणि ‘जेवल्याशिवाय जाऊ नको’ म्हणाली. ते पैसे आजही माझ्या अंगावर आहेत.

चूक कुठे झाली हेही मला कळलं नव्हतं. उन्हाला दोष दिला, कन्सीलरच्या डबीला दिला. खरं तर मेकअप म्हणजे गोरं करणं, एवढंच माझं ज्ञान. मी स्वतः सावळी. नववीपासून गोरं होण्याच्या क्रीमची ट्यूब दप्तरात लपवत आले होते. स्वतःच्या चेहऱ्याशी जे वैर धरलं होतं, तेच मी त्या मुलीच्या चेहऱ्याशी धरलं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई भरली. आमच्याकडे मंडई म्हणजे दिवसा दंडार हे लोकनाट्य आणि रात्री नाटक. वडशाहून नाटक कंपनी आली होती. मामा नाटक बोलावणाऱ्या मंडळात होता, म्हणून चहाची किटली घेऊन मला शाळेच्या खोलीत पाठवलं. तिथंच नटांची रंगरंगोटी चालली होती. साठीकडे झुकलेले एक काका नायकाला रंगवत होते. दाढी घोटून केलेली, तरी हनुवटीवर निळी झाक होतीच. काकांनी तळहातावर शेंदरी रंग घेतला, थेंबभर तेलात बोटानं मळला आणि फक्त त्या निळ्या जागेवर दाबून बसवला. नायकाचं तोंड वानरासारखं झालं. मला हसू आलं. मग त्यांनी त्याच्या अंगाच्या रंगाचा पातळ हात वरून दिला. निळंही गेलं, शेंदरीही गेलं.

“काका, एकदम वरचाच रंग कावून नाई लावला?” मी विचारलं.

“निळ्यावर पांढरं टाकलं तं राख होते, पोरी. आधी शेंदरी.”

किटली हातात धरून मी तशीच उभी राहिले. माझी नवरी राखाडी का झाली, ते मला सहा महिन्यांनी, नवरीशी काही संबंध नसलेल्या माणसाकडून कळलं.

मी काकांना ‘मला शिकवा’ म्हटलं, तर ते म्हणाले, ‘पहाटे ये.’ नाटक संपायला पाच वाजले. थंडीत खोबरेल तेल गोठलं होतं. काकांनी बाटली शेकोटीजवळ ठेवली, ते पातळ झाल्यावर माझ्या हातात दिली आणि सोबत जुन्या धोतराच्या चिंध्या. “रंग लावाले सारे येतेत, उतरवाले कोनी नाई.” तो पहिला हंगाम मी फक्त रंग उतरवले. रात्रभर राणी झालेल्या बाईच्या रंगाखाली पुरळ निघायचं, विनोदी नटाच्या डोळ्यांखाली महिन्याची जागरणं निघायची. कोर्समध्ये मी बाटल्यांची नावं पाठ केली होती; चेहरे पहिल्यांदा इथं पाहिले.

दुसऱ्या हंगामात त्यांनी मला एका नटीचे डोळे करू दिले. पाहून म्हणाले, “हा रंग हाय का पोतारा?” पुसून पुन्हा करायला लावलं. शेड जबड्याच्या कडेला लावून दाराबाहेर उजेडात पाहायची, हे त्यांचं. अनामिकेनं टिपायचं, घासायचं नाही, कारण त्या बोटाचा जोर कमी, हेही त्यांचंच. “नाटकातलं तोंड पन्नास हातावरच्यासाठी, नवरीचं वीतभरावरच्यासाठी,” असं म्हणून नाटकाचा रंग लग्नात न्यायला त्यांनीच मला मनाई केली.

नोव्हेंबर 2014 मध्ये पेपरात बातमी आली. मुंबईच्या सिनेमाधंद्यात बायकांनी केस करायचे, मेकअप मात्र पुरुषांनीच करायचा, असा तिथल्या संघटनेचा नियम होता; मेकअपचं कार्ड बायकांना मिळत नसे. मेकअप करणाऱ्या चारू खुराना यांच्या खटल्यात 10 नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानं तो बेकायदा ठरवला. मी काकांना बातमी वाचून दाखवली. ते थोडा वेळ गप्प राहिले. “आपल्याकडं कार्डच नाई, तं अडवते कोन?” एवढंच बोलले आणि रंगांचा डबा माझ्याकडे सरकवला. जे मिळवायला तिकडे न्यायालयात जावं लागलं, ते मला शाळेच्या खोलीत, चहाच्या किटलीच्या निमित्तानं मिळालं होतं. मला त्याची किंमत तोवर कळली नव्हती.

आता माझं छोटं पार्लर आहे. रोजच्यासाठी येणाऱ्या शिक्षिका, रात्रपाळीच्या नर्स यांना मी फार काही विकत नाही. डोळ्याखाली शेंदरी करेक्टरचा ठिपका, त्यावर अंगाच्याच रंगाचा कन्सीलर, तोही डाग असेल तिथंच. बाकी चेहरा मोकळा. लाल पुटकुळीला शेंदरी चालत नाही, हिरवा लागतो. लग्नाच्या रात्री सनस्क्रीन टाळते, कारण त्यातलं झिंक फ्लॅशमध्ये पांढरं उठतं. आणि बिनलेबलची गोरं करणारी क्रीम कुणी दाखवली, की अकोल्याची गोष्ट सांगते. 2023 च्या सुरुवातीला तिथल्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं अशा क्रीममुळे बिघडल्याची बातमी आली होती. क्रीममध्ये पारा सापडला होता. सांगताना माझी दप्तरातली ट्यूब आठवते.

त्याच वर्षी आमच्या झाडीपट्टी नाटकांतले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, झाडीपट्टीचं नाव दिल्लीपर्यंत गेलं. काकांनी तोवर काम सोडलं होतं. डोळ्यांत मोतीबिंदू, शिवाय करोनात बुडालेला हंगाम. पुढच्या उन्हाळ्यात नातीच्या लग्नाला त्यांनी मला बोलावलं. नातीचा रंग माझ्यासारखाच. मी बल्ब बंद केला, तिला खिडकीशी बसवलं. तासाभरानं काका जवळ आले, वीतभरावरून पाहिलं आणि विचारलं, “लावलं नाई का अजून?”

मी पैसे नको म्हटलं. ते रागावले. “मेहनतीचे घ्यावं लागते.” मी घेतले.

परतताना आमगावचा फाटा लागला. ती पहिली नवरी तिथंच जवळ राहते. एकदा बाजारात भेटली तेव्हा ‘ताई, पार्लर कसं चाललं?’ असं आपणहून विचारलं होतं तिनं. काकांनी दिलेले पैसे माझ्या मेहनतीचे होते. तिच्या आईनं दिलेले नव्हते. ते कसे परत करायचे, हे विचारायला काकांकडेच जावं लागेल.