हलगी थांबते तेव्हा

गॅलरीच्या मागे, भिंतीच्या आडोशाला जुन्या वर्तमानपत्रांचे बोळे पेटवलेले असायचे आणि त्यांच्या धगीवर एक म्हातारा माणूस हलगी शेकत बसलेला असायचा. कातडं तापलं की नाही, हे तो बोटाच्या टिचकीनं बघायचा. टिचकी मारायची, कान जवळ न्यायचा, मान हलवायची, पुन्हा जाळावर धरायची. मी त्याच्यासमोर उकिडवी बसून हे सगळं बघत असे. आबा वर जागा धरायला गेलेले असायचे. "अजून कच्ची हाय, पोरी," मामा म्हणायचे. आम्ही सगळेच त्यांना मामा म्हणायचो. "थंड हलगी बोलत न्हाई."

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आमचं घर. शाहू स्टेडियम तिथून चालत दहा मिनिटांवर. बाहेरच्या माणसाला आमचं फुटबॉलवेड समजावून सांगावं लागतं. कुस्तीच्या तालमींनीच आमच्याकडे फुटबॉलचे संघ काढले. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही आमच्या संघांची नावं. पोराचा जन्म ज्या पेठेत झाला, त्या पेठेचा संघ त्याचा. निवडायचा प्रश्नच नसतो. विश्वचषकाच्या दिवसांत गल्लोगल्ली ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, पण ते उसनं प्रेम. खरी धडधड पेठेच्या सामन्याची.

मामांनी मला एक गोष्ट शिकवली, तिच्यावर मी पुढे आयुष्यभर विचार करत आले. मी सातआठ वर्षांची असेन. आमच्या संघाविरुद्ध पेनल्टी मिळाली. सगळी गॅलरी ओरडत होती आणि मामांची हलगी मात्र एकदम बंद. डाव्या खांद्याशी हलगी, एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक लवचीक काडी, दोन्ही हात अधांतरी. मी विचारलं, "मामा, तुम्ही का थांबलासा?" त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नजर गोलकीपरवर. म्हणाले, "खेळ थांबलाय न्हवं. आता ठेका कशाचा धरू?"

हलगीवाला सामना बघत असतो. संघ मागे रेटला जात असेल तर ठेका संथ, नुसता दम धरायला सांगणारा. विंगवरून पोरगा सुटला की काडी थरथरायला लागते. कॉर्नर मिळाला की साथीचं घुमकं खालून घुमायला लागतं आणि कैताळ त्यात भर घालतं. ही विद्या कुस्तीच्या मैदानातून आली असणार. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेत आजही कुस्ती रंगते तेव्हा हलगी पैलवानांच्या अंगाअंगाकडे बघून वाजते. डाव बसायच्या आधी तिला कळतं. वाजवणारा आणि लढणारा एकाच श्वासावर असतात.

तेराव्या वर्षी माझं मैदान बंद झालं. "मोठी झालीस आता," एवढंच आजी म्हणाली आणि आबा गप्प राहिले. त्यांच्या गप्प राहण्याचं मला आजही वाईट वाटतं. मग हंगामात दुपारी चारच्या सुमाराला मी वाळवणाचं निमित्त करून गच्चीवर जायला लागले. सांडगे उलटेपालटे करायचे आणि कान मैदानाकडे. हळूहळू मला सगळं ऐकू यायला लागलं. आपल्या गोलचा आवाज जमिनीतून उठल्यासारखा यायचा, त्याला खाली बूड असायचं. दुसऱ्यांचा गोल झाला तर आवाज तेवढाच मोठा, पण हलगी नसलेला. चेंडू बारला लागून परत आला की हजारो माणसं एकदम श्वास आत ओढतात, तो आवाजही दहा मिनिटांच्या अंतरावर पोचतो, यावर कुणी विश्वास ठेवत नाही. संध्याकाळी आबा घरी यायचे. मी चहा देता देता म्हणायची, "दुसऱ्या हाफमध्ये पेनल्टी चुकवली न्हवं आपण?" ते कप हातात धरून बघत राहायचे. असे चार हंगाम मी फुटबॉल कानांनी बघितला.

म्हणूनच मैदानावर तरुण मुलांसाठी गाणी वाजवावीत का, ही चर्चा निघाली की मला ती मनोरंजनाची वाटत नाही. मला गच्ची आठवते. लाउडस्पीकरच्या आवाजातून गच्चीवरच्या मुलीला काय कळलं असतं?

मुंबईत एका व्यावसायिक सामन्याला मी माझ्या मुलीला घेऊन गेले, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. खेळ सुरू व्हायच्या आधी तासभर गाणी चालू होती. तिला त्यातली सगळी पाठ. ती खुर्चीवर उभी राहून नाचली, शेजारच्या अनोळखी मुलींशी तिची गट्टी जमली. तिथे आया होत्या, आज्या होत्या, कडेवरची बाळं होती. मला तेराव्या वर्षी घरी बसावं लागलं आणि ही इथे निर्धास्त नाचते आहे, हे बघून माझे डोळे भरून आले. तिच्या आनंदाला त्या गाण्यांचा हातभार होता, हे मी मनापासून कबूल करते. ज्याला पेठ नाही, तालीम नाही, ज्याच्या घरात कुणी कधी मैदानावर गेलेलं नाही, अशा मुलाला ओळखीचं गाणं दारात उभं राहून "ये" म्हणतं. जुन्या प्रेक्षकांनी याला नाक मुरडू नये.

मग यजमानांनी गोल केला. सुंदर गोल होता, उजवीकडून आलेला क्रॉस आणि धावत येऊन मारलेलं डोकं. जाळं हललं आणि त्याच क्षणी स्पीकर फुटल्यासारखा वाजला. ठोके, शिट्ट्या, निवेदकाचं लांबवलेलं नाव. मुलीनं मान वळवली ती मैदानाकडे नाही, मोठ्या पडद्याकडे. मी ओरडत होते आणि माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. हजारो माणसांनी तोंड उघडलेलं दिसत होतं, पण आवाज यंत्राचा. अर्ध्या मिनिटानं ते गाणं तोडल्यासारखं थांबलं, तोवर सगळे खाली बसले होते.

तेवढीच माझी तक्रार आहे, पण ती जिवापासूनची आहे. गोलनंतरचे पहिले दहा सेकंद कुणीही घेऊ नयेत. ट्वेन्टी-ट्वेन्टी क्रिकेटची गोष्ट वेगळी, तिथे दोन चेंडूंच्या मधली जागा रिकामी असते आणि गाण्यानं ती भरली तर फारसं बिघडत नाही. फुटबॉलमध्ये पंचेचाळीस-पंचेचाळीस मिनिटं माणूस आत काहीतरी साठवत असतो. शून्य-शून्य असताना तर जास्तच. ते सगळं बाहेर यायला एकच दार असतं. नऊ वर्षांच्या मुलीला त्या दारातून आपला स्वतःचा आवाज बाहेर पडताना ऐकू आला पाहिजे, हजारोंच्या आवाजात मिसळलेला आणि तरी आपला. तिथूनच ती प्रेक्षक होते.

पण लाउडस्पीकर आणि लोकांचा गळा हे जन्माचे वैरी आहेत, असं मात्र मी म्हणणार नाही. २०१६ मध्ये कामानिमित्त मी काही महिने लिव्हरपूलला होते. एका शनिवारी अॅनफिल्डचं तिकीट मिळालं. तिथलं गाणं जगप्रसिद्ध, 'यू विल नेव्हर वॉक अलोन'. मला वाटायचं, हे गोदीतल्या कामगारांचं जुनं लोकगीत असणार. पण ते अमेरिकेतल्या ब्रॉडवेचं, रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांच्या १९४५ च्या 'कॅरोसेल' या संगीतिकेतलं. १९६३ मध्ये लिव्हरपूलच्याच गेरी अँड द पेसमेकर्सनी ते म्हटलं आणि ते विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्या काळी अॅनफिल्डवर सामन्याआधी त्या आठवड्याची लोकप्रिय गाणी स्पीकरवरून लावत आणि कॉप नावाच्या स्टँडमधली उभी गर्दी ती सोबत गात असे. १९६४ मध्ये बीबीसीच्या 'पॅनोरमा'नं तिथे जाऊन केलेलं चित्रण आहे. कोट-टाय घातलेले तरुण दाटीवाटीनं डोलताहेत आणि बीटल्सचं गाणं एका गळ्यानं म्हणताहेत. तिथले लोक सांगतात की गेरीचं गाणं यादीतून खाली घसरलं, स्पीकरवरून लागायचं थांबलं, तरी कॉपनं ते सोडलं नाही. बाकीची लोकप्रिय गाणी आली तशी गेली. हे एक उरलं.

म्हणजे ते गाणं आलं स्पीकरमधूनच, तरुण पोरांना आवडतं म्हणून लावलेलं. गर्दीनं ते उचललं आणि आपलं केलं. आजही तिथे सामन्याआधी ध्वनिमुद्रण लावतात. माझ्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ होते. सुरावट सुरू होताच त्यांनी गळ्यातला स्कार्फ काढून दोन्ही हातांत ताणून वर धरला. हात किंचित कापत होते. दुसऱ्या ओळीला मला ध्वनिमुद्रण ऐकू येईना, फक्त माणसं. मला कडवं येत नव्हतं, मी नुसता सूर धरला आणि मला मामा आठवले.

इंग्लंडमध्ये एफए कपच्या अंतिम सामन्याआधी एक भजन म्हणतात, 'अबाइड विथ मी'. आपल्याला ते ओळखीचं, कारण गांधीजींचं ते आवडतं. २६ जानेवारीनंतरच्या बीटिंग रिट्रीटमध्ये कित्येक वर्षं ते वाजत असे, २०२२ मध्ये त्याच्या जागी 'ऐ मेरे वतन के लोगों' आलं. मरणाच्या सावलीत लिहिलेलं हे भजन फुटबॉलच्या मैदानावर १९२७ पासून म्हटलं जातं. इतक्या गंभीर सुराला खेळाच्या मैदानात जागा मिळते, याचं मला फार अप्रूप वाटतं. तरुणांना फक्त उडत्या चालीच आवडतात, हे कुणी ठरवलं?

जर्मनीतल्या कित्येक मैदानांवर गोल झाला की ठरलेली धून लागते आणि तरीही तिथल्या गॅलऱ्या मुक्या झालेल्या नाहीत. डॉर्टमुंडच्या दक्षिण गॅलरीत सुमारे २५ हजार माणसं उभी राहून गातात. तिथे यंत्राला पुरून उरणारी गर्दी आधीपासून तयार आहे. आपल्याकडच्या नव्या मैदानांवर ती अजून घडायची आहे आणि घडत असलेल्या गोष्टीवर फार जोरात बोलू नये. २०१० च्या दक्षिण आफ्रिकेतल्या विश्वचषकात व्हुवुझेला सलग नव्वद मिनिटं घोंघावत राहिल्या. त्या माणसांच्याच तोंडात होत्या, पण गोल झाला काय आणि चुकला काय, सूर तोच. याउलट २०१६ च्या युरो स्पर्धेत आइसलँडचे लोक. दोन्ही हात वर, एक टाळी, एक हुंकार, मग शांतता. पुन्हा टाळी. त्या दोन टाळ्यांमधली शांतता अंगावर काटा आणायची. तेव्हा साडेतीन लाखांच्या आत लोकसंख्या असलेल्या त्या देशानं इंग्लंडला २-१ असं हरवलं, त्या रात्री मी लिव्हरपूलमध्येच होते.

२०२० च्या साथीत मैदानं रिकामी पडली आणि टीव्हीवर गर्दीचा आवाज संगणकी खेळातून आणून मिसळायला लागले. तांत्रिकदृष्ट्या चोख काम होतं. मी काही मिनिटांत आवाज बंद केला. यंत्र चालवणारा माणूसही बघतच असणार, पण गोल झाल्यावर गर्जना यायला निमिषभर उशीर व्हायचा. गच्चीवर चार हंगाम काढलेल्या कानाला तो निमिष सहन होत नव्हता.

माझं मागणं साधं आहे. सामन्याआधी वाजवा, मध्यंतरात वाजवा, मुलांना आवडतं तेच वाजवा. मग शिट्टी झाली की थांबा आणि मुलांच्या हातात काहीतरी द्या. हलगी द्या, ताशा द्या, चार ओळी शिकवा. त्या दिवशी मुंबईत सामना संपत आला तेव्हा माझी मुलगी स्पीकरकडे नाही, कोपऱ्यात ढोल बडवणाऱ्या पोरांच्या घोळक्याकडे बघत होती. "आई, आपण तिथं का नाही बसलो?"

गेल्या वर्षी तिला हंगामात कोल्हापूरला नेलं. आबा आता जिना चढत नाहीत, पण शाहूवर सामना होता आणि त्यांनी खालूनच हाक दिली, "पोरीला गच्चीवर घेऊन जा." मामा जाऊन खूप वर्षं झाली, आता त्यांचा नातू वाजवतो. आम्ही दोघी कठड्याला टेकून उभ्या राहिलो. हलगीचा ठेका संथ होता, मग थोडा चढला. मी तिला सांगत होते, हा दम धरलेला, हा आता पुढे निघालेला, हे घुमकं बघ कसं खाली शिरलं. ती डोळे मिटून ऐकत होती. तेवढ्यात गलका उठला आणि त्यातून हलगी अचानक तुटली.

मी तोंड उघडलं, तर तिनं माझा दंड धरला.

"थांब, बोलू नको. पेनल्टी आहे."