बोरी अरबचा मुक्काम

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणारी एस. टी. धरली, की वाटेत बोरी अरब लागते. गावाचे नाव सांगितले, की पुण्या-मुंबईचा माणूस हटकून विचारतो, "वऱ्हाडात अरब कुठले आले?" प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. वऱ्हाडावर निजामाचा अंमल होता आणि निजामाच्या पदरी अरबस्तानातल्या हद्रमौतचे शिपाई होते. नागपूरकर भोसल्यांच्या फौजेतही अरब होते. १८१७ साली ते इंग्रजांशी लढले. हैदराबादच्या बारकस वस्तीत हद्रमौती शिपायांचे वंशज आजही नांदत आहेत. पोटासाठी समुद्र ओलांडून माणसे इकडे येत होती, हे गावाची पाटी वाचताना आठवले आणि मला हसू आले. मी तिथे उतरत होतो तो देश सोडण्याची तजवीज करायला!

आईच्या वाट्याची चार एकर जमीन बोरीला आहे. ती मामा कसतात. ती विकायची, त्या पैशावर कॅनडा गाठायचा, असा आमचा बेत होता. कॅनडा सरकारने २०१५ साली 'एक्स्प्रेस एंट्री' नावाची पद्धत सुरू केली. तीत शिक्षण, भाषा, अनुभव यांना गुण असतात, तसे वयालाही असतात. पत्नीसह अर्ज करणाऱ्याला चौतिसाव्या वर्षी वयाचे ७५ गुण मिळतात, चव्वेचाळिसाव्या वर्षी ५ आणि पंचेचाळीस पूर्ण होताच शून्य. परीक्षेला बसलेल्या मुलाचे गुण त्याच्या प्रत्येक वाढदिवसाला कापले जावेत, तसा हा प्रकार. मी चौतिसाव्या वर्षी सुरुवात केली. पात्रतेची रेषा दर वेळी माझ्या थोडी पुढेच राहिली. आता चव्वेचाळिसावे सरत आले होते.

मार्गशीर्षातले बोरी अरब पाहण्यासारखे असते. काळीभोर जमीन, तिच्यावर पांढरीशुभ्र फुटलेली पऱ्हाटी, मधूनमधून तुरीच्या पिवळ्या ओळी, आणि खाली अडाण नदी, पावसाळ्यातला दांडगेपणा विसरून मुकाट वाहणारी. सकाळी दव उतरले, की बाया कमरेला ओटी बांधून वेचणीला लागतात. बोटे बोंडातून कापूस अशी काढतात, की पातीचा कचरा चिकटू नये. मीही तासभर वेचून पाहिले. माझ्या ओटीत कापसापेक्षा कचरा अधिक निघाला, आणि बायांची चांगली करमणूक झाली.

या कापसाने मात्र परदेश केव्हाच पाहिला आहे. तो मुंबईच्या बंदरावर पोचावा म्हणून इंग्रज कंपनीने यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटरची अरुंद लोहवाट घातली. तीच आपली 'शकुंतला'. कापूस मँचेस्टरला गेला आणि मँचेस्टरहून १९२१ साली बनवलेले वाफेचे इंजिन इकडे आले. ते १९९४ पर्यंत इथेच राबले. आता ती गाडी बंद आहे.

जाणाऱ्याला नावे ठेवावीत असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे क्रांतीच्या ध्यासाने अमेरिकेला गेले, पुढे मेक्सिकोत शेतीशास्त्राचे प्राध्यापक झाले, मक्यावर संशोधन केले आणि अखेर नागपूरला परतले. १९६७ साली तिथेच त्यांचे निधन झाले. आपण कशासाठी जातो आहोत, हे त्यांना ठाऊक होते.

रात्री मी मामांपुढे विषय काढला. वाटले होते, ते रागावतील. पण त्यांनी पानाला चुना लावत शांतपणे विचारले, "वावर तुह्या मायचं हाय. इक. मी कोन नाई म्हननारा? पन मले सांग गा, तू तठी करशीन काय?"

मी सांगू लागलो. पोरीचे शिक्षण, स्वच्छ हवा, मोकळे रस्ते. मामा म्हणाले, "पोरगी तं नागपूरले कॉलेजात गेली ना? तिले जाची असन, तं ते आपल्या हिमतीवर जाईन."

त्यावर मला उत्तर सुचेना. हा बेत आखला तेव्हा मुलगी आठ वर्षांची होती. तिच्यासाठी शिवलेला झगा मी अजून हातात धरून बसलो होतो, आणि ती केव्हाच मोठी झाली होती. पहाटेपर्यंत झोप लागली नाही. एखादी गोष्ट सोडली की हलके वाटते म्हणतात. मला तसे काही वाटले नाही. घरातले कुणी दूर गेल्यावर त्याची खोली रिकामी दिसावी, तसे वाटत राहिले.

सकाळी नदीवरून घरी फोन लावला. म्हटले, जमीन विकत नाही, अर्जही पुन्हा भरत नाही. सौभाग्यवती बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तर मग आधी घराला रंग काढून घेऊ. जायचंच आहे म्हणून सात वर्षं भिंतींना हात लावला नाही. आणि मला ते पुस्तकांचं कपाटही हवंय."

खरेच होते ते. दहा वर्षे आम्ही आमच्याच घरात पाहुण्यांसारखे राहत होतो. सामान कमी ठेवायचे, झाड लावायचे नाही, शेजाऱ्यांशी फार गुंतायचे नाही, कारण आज ना उद्या निघायचेच!

मामांना निर्णय सांगितला. त्यांनी ना शाबासकी दिली, ना उपदेश केला. बैलांना वैरण टाकता टाकता म्हणाले, "बरं झालं. मंग आता इहिरीची मोटर बदला लागते. अर्धे पैसे तुहे."