लॉन उपटू नकोस

चौल, २४ मे

चि. सोनूस,


नागावच्या अंगणाचे फोटो पाहिले. लॉनला जागोजाग टक्कल पडलंय हे खरं, पण सगळं खरवडून नर्सरीतल्या गवताच्या लाद्या आणून बसवायच्या, हे मला पटत नाही. कारण न शोधता बसवल्यास, तर पुढच्या वैशाखात हेच फोटो पुन्हा पाठवशील.

माझा पहिला संशय विहिरीच्या पाण्यावर आहे. आपल्या पुळणीच्या पट्ट्यात जमिनीखालचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. शास्त्राचा ढोबळ हिशेब असा, की गोड्या पाण्याची पातळी एक फूट उतरली की खालचं खारं पाणी सुमारे ४० फूट वर चढतं. रहाट होता तेव्हा उपसा बेताचा असायचा, झऱ्यांना सवड मिळायची. आता पंप एकदा सुरू झाला की बंद करायचं कोणी नाव घेत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये पाणी मचूळ होतं. तुझ्या फोटोत पात्यांची टोकं करपली आहेत, मातीवर पांढरट पापुद्रा धरला आहे. तो क्षार. त्यावर युरिया टाकशील तर उरलंसुरलंही करपेल. उपाय पावसाकडेच आहे. अलिबागला वर्षाकाठी सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. रेताड जमिनीतला क्षार तो धुऊन नेतो. तू फक्त पाणी कुठे तुंबत नाही ना, ते बघ.

खरं सांगू? मे महिन्यात लॉन हिरवंगार ठेवण्यासाठी बंगल्याबंगल्यांतून टँकर ओतलेले मला पाहवत नाहीत. शेजारच्या वाडीत माडांच्या आळ्यांना पाणी पुरत नाही आणि इथे गवताला दोन वेळा फवारा! थोडं पिवळं पडू दे. मुळं जिवंत असली की पावसात ते आपोआप उठतं.

फाटकाजवळचं दुखणं निराळं आहे. तिथला आंबा ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात गेला. त्या दिवशी श्रीवर्धन-दिवेआगरकडे नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, तिथे आपल्या एका आंब्याचं काय घेऊन बसायचं. पण त्याच्या सावलीसाठी लावलेलं रुंद पानाचं गवत तेव्हापासून दिवसभर उन्हात तापतंय. ते तिथे तगणार नाही. तिथे हरळी लाव. शेतकरी जिच्या काशा वेचून बांधावर फेकतो, तीच. गणपतीच्या दूर्वा त्याच, आणि क्रिकेटच्या मैदानांवरचं बर्मुडा गवतही त्याच कुळातलं. खारेपणा सोसते, तुडवणं सोसते, उन्हात फोफावते. सावली मात्र तिला मानवत नाही, म्हणून माडांखाली आहे ते रुंद पानाचंच राहू दे.

विहिरीमागच्या ठिगळाची मला जास्त काळजी आहे. गणपतीत आले होते तेव्हा तिथे साळुंक्या आणि कावळे माती उकरत होते. मूठभर गवत ओढलं तर सतरंजीसारखं उचलून आलं, मुळं नाहीतच! चार बोटं खाली पांढऱ्या, जाड, तपकिरी डोक्याच्या अळ्या अंग मुडपून पडलेल्या. हुमणी. वळीव पडला की तिचे भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून वर येतात, कडुनिंब-बाभळीचा पाला खातात आणि परत मातीत जाऊन अंडी घालतात. तेव्हा पहिल्या वळवानंतर फांद्या हलवून पडलेले भुंगेरे गोळा करायचे आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे. विषारी औषध ओतायचं नाही. विहीर दहा पावलांवर आहे. शेणखतही पुरतं कुजलेलंच घे. कच्च्या शेणात हुमणी वाढते, आणि माडाचा वैरी गेंड्या भुंगासुद्धा.

मृगाचे दोन-तीन पाऊस झाले की कामाला लाग. मेलेलं गवत जिवंत कडेपर्यंत काढ. लॉन लावताना पुळणीवर विकतची लाल माती पसरली होती, तिचा थर घट्ट बसलाय आणि मुळं त्याखाली उतरत नाहीत. कुदळीने वीतभर खणून वाळू-माती एक कर, शेणखत मिसळ. मग हरळीचे दोन-तीन पेरांचे तुकडे चार-चार बोटांवर लाव, एक पेर मातीत, एक वर, आणि पायाने दाब. जमीन झाकेपर्यंत कापायचं नाही. पुढेही एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त नको, आणि ओल्या गवतावर यंत्र तर नकोच.

काशा विकत आणू नकोस. माझ्या बांधावर हव्या तेवढ्या आहेत. आदल्या दिवशी काढून ओल्या गोणपाटात बांधून ठेवीन. नागावला उतरण्याआधी चौलला ये, जेवून जा. नर्सरीवाल्याला मात्र आजच फोन कर, म्हणजे तो गाडी भरणार नाही.

तुझी,
मावशी