बिनतिकिटाची मुंबई

दिवाळीची सुटी लागली की मुंबईकराच्या घरी पाहुणे येतात. त्यात नवल काहीच नाही. मुंबईत बिऱ्हाड थाटले की गावाकडच्या साऱ्या गोतावळ्याची उतरायची सोय झाली, हे मुंबईकराने केव्हाच पत्करलेले आहे. जागा दोन खोल्यांची असली तरी गाद्या पसरायला कुठे ना कुठे जमीन निघतेच. खरी पंचाईत होते ती दुसऱ्या दिवशी सकाळी. चहा-फराळ आटोपतो, मुले नवे कपडे घालून दारात उभी राहतात आणि नागपूरच्या मावशी किंवा साताऱ्याचे काका हौसेने विचारतात, "मग, आज काय काय दाखवणार?"

यजमानाचे मन तोंडी हिशेबाला लागते. माणसे सहा, टॅक्सी दोन, प्रवेशाची तिकिटे सहा, शिवाय वर खाणेपिणे. बेरीज महिन्याच्या वाणसामानाच्या आसपास पोचते. बरे, नाही म्हणावे तर पाहुण्यांचा विरस, आणि हो म्हणावे तर पुढच्या महिन्याची ओढाताण! अशा घरांसाठी एक दिलासा आहे. मुंबईत पाहण्याजोगे जे आहे, त्यातले बरेचसे आजही बिनतिकिटाचे आहे. (आगगाडीचे तिकीट मात्र न चुकता काढावे, त्या बाबतीत हा लेख तुमच्या उपयोगी पडणार नाही!) 'फुकट ते पौष्टिक' असे आपण थट्टेने म्हणतो. पण या शहरात जे फुकट दिसते, त्याची किंमत बहुधा कोणीतरी आधीच भरून ठेवलेली आहे. ती कोणी भरली, हे हिंडता हिंडता मुलांना सांगता आले तर दोन दिवसांची ही भटकंती एखाद्या महागड्या सहलीपेक्षा सरस ठरेल.

पहिला दिवस कोटातला. आरंभ छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून करावा. पाहुणे तिथेच उतरलेले असतात, पण सामान सांभाळण्याच्या गडबडीत त्यांनी ते पाहिलेले मात्र नसते. १६ एप्रिल १८५३ रोजी इथल्याच बोरीबंदरहून ठाण्याकडे आपल्या देशातली पहिली प्रवासी आगगाडी निघाली. आजची इमारत त्यानंतरची. फ्रेडरिक स्टीव्हन्स याने तिचा आराखडा केला आणि १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षे काम चालले. रस्त्यापलीकडे उभे राहून वर पाहावे. दगडातले मोर, माकडे, पाने, फुले मोजण्याची मुलांत पैज लावून द्यावी. यातल्या नक्षीकामाला आपल्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे हात लागलेले आहेत. २००४ साली युनेस्कोने या स्थानकाला जागतिक वारसा म्हणून मान दिला. पण रोज धावपळ करणाऱ्या लाखो प्रवाशांना मान वर करायला सवड कुठली? ती पाहुण्यांच्या निमित्ताने आपल्यालाही मिळते.

तिथून दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानींखालून सावलीसावलीने चालत निघाले की दहा-पंधरा मिनिटांत हुतात्मा चौक येतो. मधले दगडी कारंजे १८६४ सालचे, फ्लोरा नावाच्या रोमन देवतेचे. त्याच्या शेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांनी गोळ्या झेलल्या त्यांचे हे स्मारक. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले ते यांच्या मोलावर. इथे छायाचित्र जरूर काढावे, पण त्याआधी दोन मिनिटे थांबून मुलांना ही हकीकत सांगावी.

चौकातून पूर्वेकडे वळले की डाव्या हाताला सेंट थॉमस चर्च लागते. १७१८ साली ते उपासनेसाठी खुले झाले. कोटाच्या तटाला या चर्चच्या बाजूचा जो दरवाजा होता तो चर्चगेट. तट पाडला, दरवाजा गेला, आणि नाव तेवढे लोकलच्या पाटीवर उरले! आत शांतता आहे, गारवा आहे, आणि भिंतींवर संगमरवरी स्मृतिशिला आहेत. पुढचे गोलाकार उद्यान हॉर्निमन यांच्या नावाचे. बेंजामिन हॉर्निमन हे इंग्रज गृहस्थ मुंबईत 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक होते. १९१९ साली, पंजाबातल्या अत्याचारांच्या काळात, त्यांची लेखणी सरकारला इतकी झोंबली की त्यांना हद्दपार करण्यात आले. स्वतंत्र भारताने त्यांचे नाव या बागेला दिले. बागेत बाके आहेत, दाट सावली आहे. घरून आणलेल्या पोळीभाजीचा डबा बाहेरच्या ओट्यावर उघडावा, आणि कागद-पिशव्या मात्र परत आपल्या पिशवीत घालाव्यात.

बागेसमोरच टाउन हॉलच्या त्या प्रसिद्ध तीस पायऱ्या. १८३३ साली पुरी झालेली ही इमारत एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाचे घर आहे. दुर्गाबाई भागवतांनी आयुष्याची कितीतरी वर्षे इथल्या ग्रंथांच्या सोबतीत काढली. पायऱ्यांवर बसायला कोणी पैसे मागत नाही. संध्याकाळी तिथे कॉलेजातली मुले, हिशेब जुळवून थकलेले कारकून आणि आपल्यासारखे पाहुणे शेजारी शेजारी बसलेले असतात.

दुपारचे ऊन टाळायला काळा घोडा गाठावा. जहांगीर कलादालन सकाळी अकराच्या सुमारास उघडते आणि प्रवेशाला पैसा पडत नाही. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या, जहांगीरच्या, स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून १९५२ साली ते उभे राहिले. मुलगा गेलेल्या बापाने दुःखाला दार करून दिले, आणि त्या दारातून आज कोणाचाही मुलगा आत जाऊन चित्रे पाहू शकतो. "आपल्याला चित्रांतले काय कळते?" असे म्हणून मावशी दाराशीच थबकतील. त्यांना आग्रहाने आत न्यावे. रांगोळीत कोणता रंग कुठे भरायचा हे ज्यांना कळते, त्यांना चित्रातलेही कळते. पुष्कळदा चित्रकार स्वतः तिथे बसलेला असतो आणि कोणी काही विचारले तर त्याला आनंदच होतो.

पुढे अपोलो बंदर. गेटवे ऑफ इंडियाचा पाया १९११ सालच्या मार्चमध्ये घातला गेला. त्याच वर्षी डिसेंबरात पंचम जॉर्ज आणि राणी आले, तेव्हा कमान कुठली असायला! तिच्या जागी तात्पुरती सजावट होती. जॉर्ज विटेटच्या आराखड्याची खरी कमान ४ डिसेंबर १९२४ रोजी खुली झाली. आणि गंमत पाहा, बादशहाच्या स्वागतासाठी बांधलेल्या याच कमानीतून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांच्या फौजेची शेवटची तुकडी मायदेशी गेली. जवळच घोड्यावर स्वार झालेले शिवछत्रपती आहेत. हे सारे पाहायला कुणी तिकीट विचारत नाही. फक्त पिशव्यांची तपासणी होते, ती हसतमुखाने होऊ द्यावी.

ऊन उतरले की ओव्हल मैदानाकडे यावे. एका कडेला उच्च न्यायालय आणि विद्यापीठ यांचे उंच दगडी मनोरे. दुसऱ्या कडेला १९३० च्या सुमाराची गोलसर गच्च्यांची घरे. हे दोन जमाने समोरासमोर उभे आहेत म्हणून २०१८ साली याही परिसराची जागतिक वारशात गणना झाली. विद्यापीठाचा राजाबाई मनोरा प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून १८७८ साली पुरा झाला आणि त्याला त्यांच्या आईचे नाव मिळाले. आईला दिसत नसे, तिला घंटेवरून वेळ कळावी म्हणून हा मनोरा, अशी आख्यायिका सांगतात. मधल्या हिरवळीवर एकाच वेळी कितीतरी क्रिकेटचे सामने चाललेले असतात आणि एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या यष्टीपाशी उभा असतो! तिथून चालत मरीन ड्राइव्हवर जावे. कठड्यावर बसून सूर्य बुडताना पाहावा. मग एकेक दिवा लागत जातो आणि काठाकाठाने राणीचा हार उजळतो. पाहुणे गप्प होतात. यजमानाने त्या वेळी काही माहिती सांगू नये.

दुसरा दिवस गिरगावचा आणि मलबार टेकडीचा. चर्नी रोडला उतरून चौपाटीवर जावे. लोकमान्य १ ऑगस्ट १९२० रोजी गेले आणि याच वाळूवर त्यांच्या देहाला अग्नी दिला गेला. त्यांचा पुतळा तिथे आहे. तिथून गावदेवीतले मणिभवन चालण्याजोगे आहे. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की रेवाशंकर झवेरी यांच्या या घरी उतरत. म्हणजे तेही मुंबईत पाहुणेच! रस्त्याने जाणाऱ्या पिंजाऱ्याकडून कापूस पिंजण्याचे पहिले धडे त्यांनी इथेच घेतले आणि जानेवारी १९३२ मध्ये भल्या पहाटे इथूनच त्यांना अटक झाली. त्यांची खोली, चरखे, ग्रंथालय सारे विनामूल्य पाहता येते. जवळच ऑगस्ट क्रांती मैदान. ८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री 'भारत छोडो'चा ठराव इथे झाला. आज मुले तिथे चेंडू खेळतात. स्वातंत्र्याचा याहून चांगला उपयोग कोणता?

आता बसने टेकडीवर. कमला नेहरू उद्यानातला म्हातारीचा बूट ज्याने पाहिला नाही त्याचे बालपण अपुरे, असे मुंबईकर मानतो. आजी-आजोबांनी खाली उभे राहून कौतुक करावे आणि समोर पसरलेली चौपाटी पाहावी. रस्त्यापलीकडे फिरोजशहा मेहता उद्यान, म्हणजे हँगिंग गार्डन. त्या हिरवळीच्या पोटात जलाशय आहे आणि दक्षिण मुंबईच्या नळांना तिथून पाणी येते. २०२३ साली तो जुना जलाशय पाडून नवा बांधण्याचा बेत पुढे आला. बाग उकरली जाणार, जुनी झाडे जाणार, हे दिसताच आसपासचे नागरिक उठले, सभा झाल्या आणि तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. पाहुण्यांना हेही सांगावे. जिथे घराचा भाव चौरस फुटावर ठरतो, तिथे मोकळी जमीन नुसती पडून असलेली वाटते आणि तिच्यावर कोणाची ना कोणाची नजर असते. बाग, मैदान, पायऱ्या यांवर माणसे येत राहिली, बसत राहिली, तरच त्या जागा सर्वांच्या राहतात. म्हणून फुकट जागी जाणे हा कंजूषपणा नव्हे. तो आपला वाटा राखणे आहे.

भटकंतीचा शेवट टेकडीच्या उताराला, वाळकेश्वरच्या बाणगंगेवर करावा. रामाने बाण मारून पाताळातली गंगा वर आणली, ही कथा मावशींना आपल्याआधीच ठाऊक असेल. समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि तळ्यातले पाणी गोडे! राम कामत नावाच्या सारस्वत व्यापाऱ्याने १७१५ साली हे स्थान पुन्हा बांधून काढले. त्याच कामतावर पुढे आंग्र्यांशी संधान बांधल्याचा आरोप आला आणि इंग्रजांनी त्याला कैदेत टाकले. त्याची दौलत गेली. त्याने बांधलेल्या पायऱ्यांवर तीनशे वर्षांनंतरही लोक येऊन बसतात आणि त्यांना कोणी मोल विचारत नाही.

पाहुण्यांचा मुक्काम लांबला आणि ते कार्तिकी पौर्णिमेपर्यंत राहिले, तर यजमानाने कुरकुर करू नये. त्या रात्री बाणगंगेच्या पायऱ्यांवर दिवे लागतात. दारात कोणी अडवत नाही. घरून निघताना एक पणती, थोडे तेल आणि वात तेवढी बरोबर घ्यावी. त्या पायऱ्यांवर आपलाही एक दिवा असू द्यावा.