ऑरेंज म्हणजे कोणता?

आधीच सांगून टाकते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. 'एकोणसाठ' म्हटलं की मी अजूनही बोटं मोजते. तेव्हा मंडळी, चूकभूल द्यावी घ्यावी.

मी रोह्याची. आमच्याकडे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धावीर महाराजांची पालखी निघते. पोलीस तिला मानवंदना देतात आणि मग पालखी गावभर फिरते. मागच्या वर्षी मी एका सीनियरचा कॅमेरा आणि फ्लॅश उसना घेऊन घरी गेले होते. रात्री पालखी आमच्या आळीत आली आणि मी धडाधड फोटो काढले. नंतर कॉम्प्युटरवर बघते तर काय! पुढची माणसं पिठाच्या डब्यात पडल्यासारखी पांढरीफटक आणि मागची आळी हळदीत बुडवलेली. आई म्हणाली, "हे आपले काका आहेत की त्यांचं भूत?"

हॉस्टेलला परत आल्यावर कारण शोधलं. फ्लॅशचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा, म्हणजे दुपारच्या उन्हासारखा. साध्या पिवळ्या बल्बचा २७००-२८०० च्या आसपास. कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स बदलता येतो, पण तो अख्ख्या फोटोला एकच लागतो. बल्बला सांभाळावं तर फ्लॅश निळा पडतो आणि फ्लॅशला सांभाळावं तर बल्ब पिवळा. म्हणजे दोघांत भांडण. ते मिटवायचं तर फ्लॅशच्या तोंडावर नारिंगी जेल लावून त्यालाच बल्बसारखं करायचं. विकत मिळतात ही जेल्स, पण महिनाअखेरीला आमच्याकडे मेसचे पैसे नसतात, जेल कुठलं घेणार?

मग आठवला गणपतीच्या मखराला लावतात तो जिलेटिनचा कागद. पिवळा आणि लाल, स्टेशनरीवाल्याकडून दोन्ही आणले. आता प्रश्न, चिकटवायचा कसा? पहिल्यांदा सेलोटेप. कागद छान बसला, पण काढल्यावर फ्लॅशच्या काचेवर चिकट डाग राहिला. तो पुसताना सीनियर दारात उभा! मग रबरबँड. तो एकतर सटकायचा, नाहीतर कागद ताणून काचेला चिकटवायचा, आणि फुल पॉवरवर आठ-दहा वेळा फ्लॅश मारला की कागद उष्णतेने आकसायचा. शेवटी सायकल दुरुस्तीवाल्याकडून जुनी ट्यूब आणली आणि तिची दोन बोटं रुंदीची रिंग कापली. रिंग फ्लॅशच्या डोक्यावर चढवायची आणि कागदाच्या दोन्ही कडा तिच्याखाली सरकवायच्या. मधे कागदाला थोडा फुगवटा ठेवायचा, म्हणजे तो काचेला टेकत नाही. डाग नाही, खर्च शून्य. कागद थोडा उजेड खातो, तेवढी फ्लॅशची पॉवर वाढवायची. झालं!

हे सगळं माझी रूममेट बघत होती. ती पेणची, घरचा गणपतीचा कारखाना. एक दिवस म्हणाली, "आजोबांचा फोटो काढशील? आखणी करतानाचा. डोळ्यात मोतीबिंदू आहे, ऑपरेशनला तयार नाहीत. बाबा म्हणतात, यंदाचं शेवटचं."

आखणी म्हणजे काय हेसुद्धा मला विचारावं लागलं. मूर्तीचे डोळे रंगवणं. पेणच्या गणपतीचं सगळं नाव त्या डोळ्यांत आहे.

जुलैतल्या एका शनिवारी आम्ही पेणला पोचलो. बाहेर मुसळधार पाऊस, आत फळ्यांवर रांगेने गणपती. सगळीकडे ट्यूबलाइट, फक्त आजोबांच्या कोपऱ्यात जुना पिवळा बल्ब. "लोकांच्या घरी आरतीला देव असाच दिसणार ना," ते म्हणाले. मी फ्लॅश काढला, रिंग चढवली, कागद लावला. आजोबा बघत होते.

"हे काय गं बाळ?"

"आजोबा, ऑरेंज पेपर. म्हणजे लाइट मॅच होईल."

"ऑरेंज म्हणजे कोणता? शेंदरी, केशरी, भगवा, का नारिंगी?"

मी गप्प. मला एकच ऑरेंज माहीत होता.

त्यांनी कागद हातात घेतला, बल्बसमोर धरला, मग डोळ्यांच्या अगदी जवळ नेला. "हा शेंदरी झाला. तांबडा जास्त आहे. पिवळ्याची अजून एक घडी घाल."

मी घातली. पांढऱ्या भिंतीवर एक फ्लॅश मारून बघितला. मघाशी भिंतीवर जी लालसर झाक येत होती ती गेली होती. बल्बचा उजेड कुठे संपतो आणि माझा कुठे सुरू होतो, कळेना. आठवडाभर लॅपटॉपवर जे जमलं नव्हतं, ते मोतीबिंदूवाल्या डोळ्यांनी एका मिनिटात केलं.

"मी मान हलवली की मार. बुबुळ भरताना नको, हात हलेल." ते श्वास रोखून बसले. कुंचला टेकला, फिरला, उचलला. मान हलली. मी एकच फोटो काढला.

फोटो मोठा करून गणपतीच्या आधी पेणला पाठवला. सुट्टीहून परत आल्यावर रूममेट बराच वेळ काही बोलेना. मग तिने सांगितलं. घरात सगळ्यांना फोटो खूप आवडला. आजोबांनी तो उन्हात नेऊन, नाकाला लावून बघितला. स्वतःला नाही, मूर्तीला. मग म्हणाले, "उजवं बुबुळ अंमळ वर गेलंय." आणि कुंचला रूममेटच्या काकूच्या हातात दिला.

मला रडूच आलं. मी फोटो इतका चांगला काढायलाच नको होता, असंही वाटलं. पण रूममेट म्हणाली, "वेडी आहेस का? बाबा दोन वर्षं सांगत होते, ते ऐकत नव्हते. आता ऑपरेशनला तयार झालेत. म्हणतात, काकूने काय काय बिघडवलंय ते बघायला डोळे नकोत का?"

सायकलच्या ट्यूबची ती रिंग अजून माझ्या बॅगेत आहे. कोणाला हवी असेल तर रूमवर या. कागद मात्र आपला आपण आणा. आणि आणताना दुकानदाराला 'ऑरेंज' म्हणू नका. कोणता ते नीट सांगा.